छोटी लाईन आणि कंडेलचे बैल

मागच्या भागात आपण रतनपूरला होतो, बिंबाजी भोसल्यांच्या काळात. आज दीडशे वर्षं पुढे यायचं आहे आणि जरा दक्षिणेला उतरायचं आहे. आजची वाट रायपूर ते धमतरी आणि तिथून पुढे रुद्री. वाहन सायकल.

दर हिवाळ्यात मी वीसेक जणांना घेऊन या वाटेवर जातो. पहिल्या दिवशी जुन्या छोट्या लाईनीच्या सोबतीने धमतरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी महानदीच्या कालव्याच्या काठाने. पोरं मला कर्नल काका म्हणतात, त्यामुळे शिस्त आपोआप येते. नियम तीनच. हेल्मेट डोक्यावर, दोन सायकलींत पुरेसं अंतर, आणि थांबा म्हटलं की थांबायचं, कारण या सहलीत बघण्यासारखं बरंचसं आता दिसत नाही. ते थांबून सांगावं लागतं.

व्हिडिओत मी नकाशा दाखवला होता. पुस्तकात तो शब्दांत काढतो. वर रायपूर. त्याच्या पश्चिमेला खारून नदी. खाली दक्षिणेला सुमारे पाऊणशे किलोमीटरवर धमतरी. धमतरीच्या बाजूने महानदी येते. ती सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते, रुद्रीला अडवली जाते आणि पुढे राजीमकडे वळते. खारून एका अंगाला, महानदी दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या हलक्या उंचवट्यावरून रायपूर-धमतरीची लाईन. मी तोफखान्यातला माणूस. देवळालीला आम्हांला पहिली गोष्ट शिकवली ती नकाशातला उंचवटा ओळखायची. रेल्वेवाला उंचवटा धरतो, कारण त्याला पूल कमी बांधावे लागतात. कालवेवालाही उंचवटा धरतो, कारण पाणी उतरतं, चढत नाही; उंचावरून नेलं तरच दोन्हीकडच्या शेतांना देता येतं. सायकलवाल्याला हे नकाशाशिवाय कळतं. त्याच्या मांड्या सांगतात.

रूळ येण्याआधी

पहिला थांबा रायपूर स्टेशनाबाहेर. इथे मी सगळ्यांना 1877 सालाची कल्पना करायला सांगतो. त्या वर्षी चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, कुटुंबासोबत रायपूरला राहायला आला. रायपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. शेवटचा लांब टप्पा त्यांनी जंगलातून बैलगाडीने काढला, त्याला पंधरवड्याहून अधिक लागला.

छत्तीसगड तेव्हाही भाताचं कोठार होतं. पण कोठाराला दार लहान होतं. धान्य बाहेर जायचं ते वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. त्यामुळे चांगल्या वर्षी इथे तांदूळ स्वस्त असायचा आणि गावोगावी साठून राहायचा. 1882 पर्यंत नागपूरहून मीटर गेजची लाईन राजनांदगावपर्यंत आली. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ती लाईन घेतली, मोठी केली आणि त्या दशकाच्या अखेरीस रायपूरला गाडी आली. कोठाराचं दार उघडलं. तांदूळ बाहेर जाऊ लागला, भाव चढले, मालगुजारांच्या हाती पैसा आला आणि गावातला जुना साठा आटला.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. त्यातून सावरतो न सावरतो तोच 1899-1900 चा. म्हाताऱ्या माणसांनी ज्याला छपन्नचा दुष्काळ म्हटलं, तोच हा. रेल्वेमुळे दुष्काळ पडला असं मी म्हणणार नाही. पाऊस पडला नाही म्हणून दुष्काळ पडला. पण घरातली कणगी रिकामी असताना पाऊस न पडणं आणि भरलेली असताना न पडणं, यात जगण्यामरण्याचा फरक असतो.

रायपूर-धमतरी छोटी लाईन सुरू झाली ती 1900 साली. म्हणजे हे रूळ पडले ते भुकेच्या वर्षांत. याच काळात, 1899 मध्ये, अमेरिकेतल्या मेनोनाईट पंथाचे लोक दुष्काळी मदत घेऊन धमतरीला आले. त्यांचं इस्पितळ आजही चालू आहे. धमतरीसारख्या आडगावाचं नाव अमेरिकेतल्या शेतकरी खेड्यांत पोहोचलं ते दुष्काळामुळे.

अडीच फुटांची गाडी

आपल्या लाईनीचं गेज दोन फूट सहा इंच. मोठ्या लाईनीचं पाच फूट सहा इंच. म्हणजे निम्म्याहूनही कमी. बार्शी लाईट रेल्वे 1897 साली सुरू झाली तीही अडीच फुटांचीच, आणि वऱ्हाडातली शकुंतलाही. ज्यांनी शकुंतलेतून मूर्तिजापूर-यवतमाळ केलं आहे, त्यांना आमची छोटी लाईन वेगळी समजावून सांगायची गरज नाही. अरुंद गेजचा हिशेब साधा होता. भराव कमी, पूल हलका, वळण घट्ट घेता येतं, खर्च कमी. जिथे माल पुष्कळ पण पैसा थोडा, तिथे ही गाडी.

माल होता भात आणि जंगलाचा. धमतरीच्या मागे सिहावा-नगरीचं सालवन. त्या जंगलात वनखात्याने लाकूड काढायला वेगळी ट्रामवेही घातली होती. सालाचं लाकूड म्हणजे रेल्वेचे स्लीपर. एक रेल्वे दुसऱ्या रेल्वेची लाकडं वाहत होती.

माझं आजोळ धमतरीचं. लहानपणी तेलीबांधा, माना, भाटगाव, केंद्री, अभनपूर, कुरूड ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ होती. अभनपूरला एक फाटा माणिकचौरीवरून राजीमला जायचा. वाफेचं इंजिन होतं. चढावर गाडी इतकी हळू व्हायची, की मामा उतरून बाजूच्या झाडाच्या बोरांची ओंजळ भरून पुन्हा चढायचे आणि आई त्यांना रागे भरायची. आज कुणी विचारतं, काका, इतकी हळू गाडी कशाला हवी होती? मी म्हणतो, पंधरा दिवसांच्या बैलगाडीला विचार.

2017 च्या सुमारास शहरातल्या भागावरची छोटी लाईन बंद झाली आणि तिच्या जागेवर एक्सप्रेसवे झाला. केंद्रीच्या पुढे छोटी लाईन उखडून मोठी घालायचं काम सुरू झालं. मार्च 2025 मध्ये अभनपूरहून रायपूरला मेमू सुरू झाली. ती जुन्या वाटेने शहरात शिरत नाही. केंद्रीहून नवा रायपूर आणि मंदिर हसौदवरून फेरा घेऊन येते. तेव्हा आमची सहल रुळांवरून नसते, रुळांच्या आठवणीच्या कडेने असते. शहरात रुंद रस्ता, पुढे गावरस्ते. सायकलवाल्याने रुळांवर जायचं नसतं, हे मी चौथ्या नियमासारखं सांगतो.

नवी गाडी आली याचा मला आनंदच आहे. लोकांना रायपूरला कामाला, कॉलेजला, दवाखान्यात जायचं असतं. त्यांना माझ्या बोरांचं काय? पण एक गोष्ट मी दर वेळी दाखवतो. तेलीबांध्याच्या तलावाशी उभं राहिलं, की शंभरहून अधिक वर्षं जी सरळ पट्टी शहराच्या पोटातून कुणी बांधकाम न करता मोकळी राहिली, ती केवळ रेल्वेमुळे राहिली. अशी मोकळी पट्टी शहराला एकदाच मिळते. आम्ही ती मोटारींना दिली. तिच्या कडेला दोन मीटर चालणाऱ्यांना आणि सायकलींना नीट राखून ठेवले असते, तर मला आज वीस जणांना घेऊन पहाटे साडेपाचला, वाहतूक सुरू व्हायच्या आत, शहर ओलांडण्याची घाई करावी लागली नसती.

पाण्याचा कागद

दुसऱ्या दिवशी सकाळी रुद्री. धमतरीहून हाकेच्या अंतरावर. इथे महानदीवर बंधारा बांधला गेला तो 1912 ते 1915 या वर्षांत. वर सिलियारी नदीवर मुरुमसिल्लीचं धरण, 1914 ते 1923. लोक त्याला माडमसिल्ली म्हणतात. मुरुमसिल्लीचं वैशिष्ट्य त्याचे सायफन. आपण टाकीतलं पाणी नळीने ओढून खाली सोडतो, तेच तत्त्व. जलाशयाची पातळी ठरलेल्या उंचीवर गेली, की वाकड्या नळातली हवा पाण्याबरोबर ओढली जाते आणि नळ आपोआप वाहू लागतो. पातळी उतरली, की नळात हवा शिरते आणि तो आपोआप थांबतो. दार उघडायला माणूस नको, वीज नको. मध्यरात्री जंगलात पूर आला तरी धरण आपलं आपण सांभाळतं. शंभर वर्षांपूर्वीची ही हुशारी बघून तरुण इंजिनिअर मंडळी तिथून हलत नाहीत. 1970 च्या दशकाअखेर वर गंगरेलचं मोठं धरण झालं, आणि आता हेच पाणी शेताला, शहराला आणि भिलाईच्या कारखान्यालाही जातं.

आता हा कालवा का झाला? दुष्काळानंतर 1901 साली सरकारने सिंचन आयोग नेमला. छत्तीसगडात भात पावसावर, आणि पाऊस सप्टेंबरात दगा देतो. भाताला ओंबी धरताना एक पाणी मिळालं तर पीक वाचतं. म्हणून कालवा. हेतू चांगला होता, आणि काम उत्तम होतं. हे मी आधी सांगतो, कारण पुढचं सांगितल्यावर लोक फक्त पुढचंच लक्षात ठेवतात.

अडचण पाण्याची नव्हती, पाणीपट्टीची होती. पाऊस चांगला झाला, तर शेतकऱ्याला कालव्याचं पाणी नको असतं. पाऊस दगावला, तर सगळ्यांना एकाच दिवशी हवं असतं. खात्याचा खर्च मात्र दर वर्षी ठरलेला. मग खातं म्हणतं, गावाने मिळून दहा वर्षांचा करार करा, पाणी घ्या न घ्या, दर वर्षी पट्टी भरा. आपल्याकडे नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली, तिच्याही मुळाशी हाच प्रश्न होता: पाण्याचं उत्पन्न बेभरवशाचं राहू नये. खात्याच्या टेबलावर बसून बघितलं तर हे शहाणपणाचं आहे.

कंडेल गावच्या लोकांनी ते आपल्या ओट्यावर बसून बघितलं. त्यांचा हिशेब असा होता, की दहा वर्षांची पट्टी जितकी होते, तितक्या पैशात आपला स्वतःचा मोठा तलाव होईल, आणि तो दहा वर्षांनी परत द्यावा लागणार नाही. छत्तीसगडात हा वेडा हिशेब नव्हता. इथल्या जुन्या गावांची थोरवी तलावांवरून सांगतात. ‘छै आगर छै कोरी’ असं म्हणतात, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस तलाव. ज्या मुलखात तलाव खणणं हे मोजणीचं माप आहे, तिथे सरकारचं भाड्याचं पाणी घ्या म्हणणं सोपं नव्हतं. गावाने करार नाकारला.

1920 च्या पावसाळ्यात खात्याने ठपका ठेवला, की गावाने कालव्याचं पाणी चोरलं. चार हजार रुपयांहून अधिक दंड झाला. गावाने ठरवलं, दंड भरायचा नाही. गावचे मालगुजार बाबू छोटेलाल श्रीवास्तव लोकांबरोबर उभे राहिले. राजीमकडचे पंडित सुंदरलाल शर्मा आले. आणि तिसरे होते धमतरीचे नारायणराव मेघावाले. आपल्यातले, मराठी. भोसल्यांच्या काळापासून इकडे आलेली मराठी घरं बहुतेक कारकुनीत, मास्तरकीत, वकिलीत, सरकारी खात्यांत होती. त्यातला एक माणूस पाणीपट्टीच्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. दहा वर्षांनी, 1930 मध्ये, याच रुद्री-नवागावला जंगल सत्याग्रह झाला, तेव्हाही मेघावाले पुढे होते, आणि त्यांच्यासोबत नत्थूजी जगताप.

बैलांची वाट

दंड भरला नाही म्हणून गावाची गुरं जप्त झाली. ती लिलावासाठी धमतरीच्या इतवारी बाजारात आणली गेली. एकानेही बोली लावली नाही. मग दुसऱ्या बाजारात नेली. तिथेही नाही. मग तिसऱ्या. आठवडी बाजार रोज वेगळ्या गावी भरतो, तेव्हा गुरांचा तांडा गावोगाव फिरला आणि त्यांच्याबरोबर बातमीही फिरली. चाऱ्यापाण्यावाचून गुरं आजारी पडू लागली.

कालव्याकाठच्या एका बाभळीखाली मी हे सांगतो, आणि मग सगळ्यांना सायकलवरून उतरून एक किलोमीटर चालायला लावतो. सायकल ताशी चौदा-पंधरा किलोमीटर जाते. हाकलत नेलेलं गुरू तीन-चार. त्या चालीने चाललं की कळतं, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जाणं म्हणजे सबंध दिवस.

मी नोकरीत डोंगरातल्या चौक्यांवर खेचरांवरून रसद नेली आहे. जनावर सांभाळणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. बैलाला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. चारा लागतो. बांधायला जागा, राखायला माणूस, रात्रीचा पहारा लागतो. जप्त केलेलं भांडं कोठीत ठेवून कुलूप लावता येतं. जप्त केलेला बैल संध्याकाळी हंबरतो. विकला गेला तर तो महसूल, न विकला गेला तर तो रोजचा खर्च. गंमत बघा, पाण्यासाठी ज्यांनी गुरं ओढून नेली, त्यांच्यावरच त्या गुरांना पाणी शोधायची पाळी आली. लष्करी भाषेत सांगायचं, तर कंडेलच्या लोकांनी लढाई रसदीवर नेली. हत्यार काय? बाजारात उभं राहायचं, बैलाचे दात बघायचे, आणि गप्प बसायचं.

हे स्वस्तात झालं नाही. पावसाळा संपला, की भाताची कापणी, वाहतूक, मळणी. सगळं बैलांवर. गावाचे बैल सरकारच्या ताब्यात आणि शेतात पीक उभं. गावावरचा हा ताण भाषणात येत नाही. आणि बाजारातल्या माणसाचाही विचार करा. चांगला बैल निम्म्या भावात मिळत असताना न घेणं, हे त्या वर्षी, त्या गरिबीत, सोपं होतं का? कंडेलशी त्याचं नातं नव्हतं, कसलं पत्रकही त्याने वाचलेलं नव्हतं. तरी त्याने तोंड उघडलं नाही. आपण इतिहासात बोललेली वाक्यं शोधतो. इथे न बोललेली बोली निर्णायक ठरली.

स्थानिक इतिहास सांगतो, की सुंदरलाल शर्मा गांधीजींना आणायला कलकत्त्याला गेले, 20 डिसेंबर 1920 ला गांधीजी रायपूरला उतरले आणि दुसऱ्या दिवशी धमतरीला गेले. तिथून पुढे नागपूरचं काँग्रेस अधिवेशन, जिथे असहकाराचा ठराव कायम झाला. पण याच इतिहासात आणखी एक ओळ आहे आणि ती भरभर वाचली जाते: गांधीजी पोहोचायच्या आधीच सरकारने दंड मागे घेतला होता, गुरं परत केली होती. म्हणजे जिंकून झालं होतं. आज विचाराल तर लोक सांगतात, कंडेल म्हणजे जिथे गांधीजी आले ते. मी पोरांना उलटं सांगतो. कंडेल म्हणजे जिथे गांधीजी यायच्या आधीच काम झालं ते. नागपुरात असहकाराचा ठराव हात वर करून कायम झाला. धमतरीच्या बाजारात तो हात वर न करून आधीच झाला होता.

पुढल्याच वर्षी, 1921 मध्ये, आपल्याकडे सेनापती बापटांचा मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. तिथे टाटांच्या धरणाखाली जमिनी जात होत्या. मुळशी आपण शाळेत शिकलो. तिथे लोक हरले, धरण झालं. कंडेलला लोक जिंकले आणि कालवाही राहिला. मराठी वाचकांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत असं मला वाटतं. पाणी अडवावं की नाही हा प्रश्न दोन्हीकडे शेवटी मागे पडतो. पाण्याचा कागद कुणी लिहायचा आणि त्यावर कुणाला विचारून, हा उरतो.

आजोबांची साखळी

आता हे मी इतकं का सांगतो, ते सांगून टाकतो. माझे आजोबा याच कालवा खात्यात होते. कंडेलनंतर चार वर्षांनी ते नोकरीला लागले. रुद्रीला राहिले, धमतरीला राहिले, काठाकाठाने आयुष्यभर पायी आणि मग सायकलने फिरले. त्यांची मोजणीची लोखंडी साखळी आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात होती. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं. आमच्या घरात कालव्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. ओंबीत दाणा भरला तो त्या पाण्यामुळे. पण त्या घरात मी अठरा वर्षं वाढलो आणि कंडेल हे नाव एकदाही ऐकलं नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं फौजेतून निवृत्त होऊन परत आल्यावर.

ज्यांच्या शेजारी टेबल लावून आजोबा बसायचे, त्यांतल्या कुणीतरी ती गुरं मोजली असतील. जप्तीची यादी लिहिली असेल. सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत. मी तीस वर्षं हुकूम पाळले आणि दिले. त्यामुळे त्या कारकुनाला आणि तांड्यामागे चालणाऱ्या शिपायाला मी खलपुरुष करू शकत नाही. ते आपलं काम करत होते. पण काम नीट करणं आणि बरोबर काम करणं यात अंतर असतं, हे मला त्या कालव्याच्या काठावर जितकं कळलं तितकं कुठल्या अकादमीत कळलं नाही. आजोबा वाईट नव्हते. ते गप्प होते. बाजारातली माणसंही गप्पच होती. दोन्ही गप्पांत फरक आहे, आणि तो आपल्याला आपल्या मुलांना सांगता आला पाहिजे. म्हणून ही सहल.

गेल्या खेपेला काठावर एक सियान भेटले. सियान म्हणजे वडीलधारे. ऐंशीच्या घरातले असावेत. आमच्या रंगीबेरंगी सायकली बघून थांबले. मी छत्तीसगढीत विचारलं, बाबा, गावचा तलाव कसा आहे? ते म्हणाले, “नहर आइस, त तरिया ला भुला गेन.” कालवा आला आणि तलावाला विसरलो. तक्रार नव्हती त्यात. शेत दाखवत होते, पीक चांगलं होतं. मग म्हणाले, गाळ भरला आहे, आता पोरांनी काढायचं म्हटलं आहे. आमच्यातल्या दोन मुली त्यांच्याबरोबर तलाव बघायला गेल्या आणि आम्ही अर्धा तास उशिरा निघालो. वेळापत्रक मोडलं म्हणून मी कुणाला बोललो नाही.

ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर-जानेवारी हाच काळ बरा. रुंद टायरची साधी सायकल पुरे. गिअर नसले तरी चालतं, चढ जवळजवळ नाही. कालव्याच्या काठावर बाभळीचे काटे फार, तेव्हा दोन जादा ट्यूब आणि पंप हवाच. कालव्यात उतरायचं नाही. काठ गुळगुळीत बांधलेला असतो आणि आत पाय टेकला तरी वर येता येत नाही. शेतात भात उभा असेल तर बांधावरून सायकल घालायची नाही. आणि धमतरीच्या इतवारी बाजारात चहा प्यायला थांबलो, की पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि बाजार ऐकायचा.

पुढच्या भागात आपण बालोदला जाऊ, तांदुळा धरणावर. तोपर्यंत नमस्कार.